उलट बोलायची शिकवणी

सोपान बापाला वेडावतो, ही बातमी धोंडेवाडीला कळली ती कोंडाजीच्या पायताणाच्या आवाजानं.

सकाळची वेळ. कोंडाजी ओट्यावर बसून नांगराचं रुमणं तासत होता. पोरगं गोठ्याकडं चाललेलं बघून तो सवयीनं म्हणाला, "म्हशीला पानी पाज."

सोपान जागच्या जागी ताठ उभा राहिला. छाती पुढं काढली, नजर समोरच्या कुडावर लावली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "म्हशीला पानी पाज." मग गेला, म्हशीला पाणी पाजून आला.

कोंडाजीला वाटलं, आपल्या कानात भुसा गेला असावा. खात्री करून घ्यावी म्हणून तो पुन्हा म्हणाला, "दावं जरा आखूड बांद."

"दावं जरा आखूड बांद."

कोंडाजीच्या घराण्यात आजवर पोरांनी नाना उद्योग केले होते. एक तमाशामागं गेला होता, एकानं पाव्हण्याची शेळी आपली म्हणून बाजारात विकली होती, एक चुलता गोसावी झाला होता आणि थंडी सोसेना म्हणून परत आला होता. पण बापाचा शब्द उचलून बापाच्याच तोंडावर टाकायचा, एवढी मजल कुणी मारली नव्हती. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं पुन्हा म्हणून दाखवणं म्हणजे त्याला वेडावणं, आणि वेडावणाऱ्याची जीभ वाकडी होते, हे मावळात दुधाच्या दातापासून शिकवतात.

पायताण पाठीत बसलं. मिसरूड फुटलेला, बापापेक्षा वीतभर उंच गडी, पण हलला नाही. उलट म्हणाला, "आय आय, सर."

चुलीपुढून बयाबाई राखेचे हात घेऊन बाहेर आली. "अवं, मारू नगा. बाधा झालीया त्येला. कालधरनं असंच चाललंय. मी म्हनलं, मीठ दे. तर मलाच म्हनतो, मीठ दे. मी पुन्यांदा म्हनलं, तर पुन्यांदा म्हनतो. शेवटाला मीच उठून मीठ घेतलं."

"बाधा न्हाई आई," सोपान पाठ चोळत म्हणाला. "जहाजावर अशीच रीत हाय. सुकाणूवर हुबा राहनाऱ्यानं वरच्याचा हुकूम पयला तोंडानं परत म्हनायचा, मंग हात हलवायचा. न्हाईतर वरच्याला कळायचं कसं, ह्येनं आयकलं का न्हाई?"

"आन तू जहाजावर हायेस व्हय?" कोंडाजीनं विचारलं.

"अजून न्हाई," सोपान म्हणाला.

हा दुसरा धक्का पायताणानं परतवण्यासारखा नव्हता. कोंडाजी पुन्हा रुमणं तासायला बसला आणि नको तिथं नको तेवढं तासून बसला.

*

धोंडेवाडीला पाण्याचं कौतुक नव्हतं. खालची भाताची खाचरं विजेच्या धरणाच्या पाण्यात गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. तेव्हा पाणी आपण होऊन त्यांच्या शेतात आलं होतं. आता घरातलं पोरगं आपण होऊन पाण्यात चाललं होतं.

वर उरलं ते एक लांबडं खाचर आणि दोघं भाऊ. थोरला अंबाजी, धाकटा कोंडाजी. वाटणी झाली, मध्ये बांध पडला. मग बांध कुणी कोरला यावरून भांडण झालं. अंबाजी म्हणाला, तू कोरला. कोंडाजी म्हणाला, तू. त्यानंतर दोघांनी आपापल्या बाजूनं तो इतका इमानानं कोरला, की एका पावसाळ्यात बांधच राहिला नाही. खाचर पुन्हा एक झालं, भाऊ मात्र दोनाचे दोनच राहिले. दोघांनी भैरोबापुढं बेलभंडारा उचलला: ह्याच्याशी एक शब्द बोललो तर जीभ झडू दे.

बैलजोडीही वाटून घेतली होती. पाखऱ्या कोंडाजीचा, मोरक्या अंबाजीचा. एका बैलावर नांगर चालत नाही हे वाटणीच्या दिवशी पंचांनाही ठाऊक होतं. पण जेवणं व्हायची होती, म्हणून कुणी बोललं नाही. आपला बैल भावाच्या हाती द्यायला दोघंही तयार नव्हते. तेव्हा नांगर धरायचा सोपाननं. अंबाजीला पोटचं पोर नव्हतं, बायको जाऊन काळ लोटला होता. पुतण्यावर त्याचा जीव होता आणि भरवसाही. सोपान जोडी हाकी. दोघं भाऊ खाचराच्या दोन टोकांना बसून आपापल्या बैलाकडं बघत.

बोलणंही सोपानच्याच तोंडून व्हायचं. भाऊ हाताच्या अंतरावर असले तरी. बापाला तो दादा म्हणे, चुलत्याला आबा.

"सांग तुज्या बाला, पाखऱ्याची येसन आवळलीया."

"दादा, आबा म्हनत्यात, पाखऱ्याची येसन आवळलीया."

"म्हनावं, ज्येचा बैल त्यो बघून घील."

"आबा, दादा म्हनत्यात, ज्येचा बैल त्यो बघून घील."

सोपान जहाजावर जाणार हे कळलं तेव्हा अंबाजीनं पहिला निरोप पाठवला तो असा: "सांग तुज्या बाला, पोरगं गेलं की माजा मोरक्या दावनीला. नांगराला तू सोताला जुंपून घे."

कोंडाजीला ते सांगायची गरज नव्हती. पोरगं गेलं की नांगर थांबला, नांगर थांबला की चूल थांबली, हे त्याला पाठीत पायताण बसल्यासारखं समजलं होतं. पोराला जाऊ द्यायचं नाही, एवढं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

*

दूध घालायला सोपान रोज लोणावळ्याला जायचा. एके दिवशी चरवी कोंडाजीनंच उचलली आणि पोराला मागं यायला सांगितलं. वाटेवर दोघंही काही बोलले नाहीत, कारण बोललं तर ते परत ऐकावं लागेल याची कोंडाजीला धास्ती होती.

शिकवणी इंदिराबाई दामल्यांकडं होती. त्यांचे यजमान चिंतामणराव आगबोटीवर मालम होते, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचे अधिकारी. जहाज हाकायचं काम सुटल्यावर त्यांनी लोणावळ्याला घर बांधलं आणि मरेपर्यंत ते जहाजासारखंच हाकलं. बंब पेटवायचा हुकूम इंग्रजीत, चटणी वाढायचा इंग्रजीत. इंदिराबाई उभ्या जन्मात बोटीवर चढल्या नव्हत्या. पण प्रत्येक हुकूम मोठ्यानं परत म्हटल्याशिवाय त्यांना स्वयंपाकघरातून माजघरात येता आलं नव्हतं. यजमान गेल्यावर घर एकदम मुकं झालं. म्हणून सरपण फोडून दिल्याच्या बदल्यात त्यांनी दूधवाल्याला इंग्रजी शिकवायला घेतलं. शिकवणारी विधवा सोवळ्यातली, शिकणारा शेणाच्या हाताचा. आळीनं काय ते बोलून घेतलं आणि दमली.

कोंडाजी अंगणात चरवी घेऊन उभा राहिला, आणि त्याच्या कानावर आतून बाईचा आवाज आला.

"पोर्ट."

"पोर्ट, सर," सोपान ओरडला.

"स्टारबोर्ड."

"स्टारबोर्ड, सर."

आवाज चढत गेला. बाई एक बोलली की सोपान तेच दुप्पट मोठ्यानं परत फेकायचा. कोंडाजीनं खिडकीतून डोकावलं. पांढऱ्या पातळातली सडपातळ बाई पाटावर उभी, पुढ्यात जात्याच्या वरच्या तळीचा खुंटा धरून त्याचं पोरगं उभं. बाई बोलायची, पोरगं ओरडायचं आणि जातं डावीकडं नाहीतर उजवीकडं फिरायचं. जात्यात दाणे नव्हते. धोंडेवाडीचा तरणाताठा गडी रिकामं जातं फिरवतो आणि बामणाच्या बाईशी भांडतो, हे बघून कोंडाजीच्या हातातली चरवी कलंडली.

"कोण आहे?" इंदिराबाई बाहेर आल्या. "तुम्ही सोपानचे वडील का? या, बसा. दूध सांडलं ते असू द्या, मांजर आहे."

"बाई," कोंडाजी पायरीच्या खालीच बसला, "ह्यो तुमास्नी उलट बोलतोय."

"तेच तर शिकवतेय. पहिले पंधरा दिवस बोलतच नव्हता. मान खाली घालून नुसतं जातं फिरवायचा. अहो, समुद्रावर वारा असतो, यंत्राचा धडधडाट असतो. हुकूम ऐकला की नाही, हे वरच्याला कळायला नको? आमच्याकडे एकदा मी पुन्हा म्हटलं नाही, तर ह्यांनी दुपारी चारपर्यंत पान वाढू दिलं नाही."

"खलाशी व्हायला लागतंय व्हय हे समदं?"

"दोर ओढायला नाही लागत. पण त्याला सुकाणी व्हायचंय. सुकाणू धरणाऱ्याला हुकूम इंग्रजीतच कळले पाहिजेत. वैशाखात कप्तान साहेब इथे हवा खायला येतात. ह्यांचे जुने वरिष्ठ. मी शब्द टाकलाय. ते मुलाला पाहतील."

कोंडाजीनं हात जोडले. "बाई, येकच पोरगं हाय. नांगुर त्येच्यावर हाय. तुमी शिकवा, पन जरा कमी शिकवा."

इंदिराबाई हसल्या नाहीत. "भाऊ," त्या म्हणाल्या, "त्याला नको असेल तर आत्ता सोडून देते. विचारा त्याला."

कोंडाजीनं पोराकडं बघितलं. विचारायचं त्याच्या जिवावर आलं. जात्याचा खुंटा सोपाननं अजून सोडला नव्हता.

*

भात निघालं, हरभऱ्यासाठी नांगरट आली, आणि सोपाननं जात्यावरचं शिक्षण बैलांवर आणलं. स्वतःच हुकूम द्यायचा, स्वतःच परत म्हणायचा आणि कासरा ओढायचा. पोर्ट म्हणजे डावीकडं, स्टारबोर्ड म्हणजे उजवीकडं, स्टेडी म्हणजे आहे तसंच जाऊ दे, आणि स्टॉप म्हणजे स्टॉप. वाडीची माणसं बांधावर येऊन बसायला लागली. त्यांत हौशीराम पहिला. हौशीरामला स्वतःचं शेत होतं, पण ते बघण्यासारखं नव्हतं.

"सोपान्या," तो म्हणाला, "एकलाच भांडतोयस व्हय? दुसरा गडी मिळंना का?"

"दुसरा गडी मिळाला तर लय बरं हुईल, हौशीभाऊ. सांगायला एक आन आयकायला एक असं पायजे." सोपाननं खाचराच्या वरच्या टोकाला बघितलं. "आबा, तुमी सांगता का?"

अंबाजीनं तंबाखू मळायचं थांबवलं. त्याच्या घरात त्याला विचारणारं कुणी नव्हतं आणि तो सांगेल ते ऐकणारंही कुणी नव्हतं. त्यानं घसा साफ केला, लाजला, धरणाकडं बघितलं आणि म्हणाला, "पोर्ट."

"पोर्ट, सर," सोपान गरजला. जोडी डावीकडं वळली.

अंबाजीचा चेहरा असा झाला, की हौशीरामला थट्टा सुचेना. आपला शब्द एवढ्या मोठ्यानं परत येतो आणि दोन बैल त्यावर वळतात, हे अंबाजीला म्हातारपणी पहिल्यांदाच दिसत होतं. दुपारपर्यंत तो चारही शब्द पक्के बोलू लागला. नंतर उभा राहूनच बोलू लागला.

खालच्या टोकाला बसलेल्या कोंडाजीला हे सोसलं नाही. पोराला दर्यात घालवायचं शास्त्र, ते पाप होतंच. पण पोरगं कुणाचं? त्यानं दोन दिवस दम काढला. तिसऱ्या दिवशी अंबाजीनं "स्टारबोर्ड" म्हटल्याबरोबर खालून कोंडाजीचा आवाज आला, "पोर्ट."

"स्टारबोर्ड, सर. पोर्ट, सर," सोपाननं दोन्ही परत केले. मोरक्या उजवीकडं ओढला, पाखऱ्या डावीकडं. जू करकरलं आणि नांगर तिथंच रुतला.

"सांग तुज्या बाला," अंबाजी म्हणाला, "एका बोटीला दोन कप्तान नसत्यात."

"म्हनावं, बोट कुनाच्या बाची हाय?" कोंडाजी म्हणाला.

बयाबाई भाकरी घेऊन आली होती. पाटी खाली ठेवून ती हौशीरामला म्हणाली, "भावजी, आदी ही दोगं मराटीत भांडत हुती. मला कळत तरी हुतं."

*

वैशाखात कप्तान साहेब आला. बोलावणं आलं तसं बयाबाईनं नवऱ्याला बजावलं, की बैल विकायचा झाला तरी गिऱ्हाइकाचं तोंड बघतात. पोराला नेणारा कोण आहे ते बघून या. कोंडाजी धुतलेलं मुंडासं बांधून निघाला. मनातून म्हणत होता, भैरोबा, साहेबाला पोरगं पसंत पडू देऊ नको.

बंगल्याचा व्हरांडा लांबलचक होता. भिंतीला जहाजाचं खरं सुकाणू टांगलेलं, सागवानी चाक, भोवती मुठी. साहेब भाजलेल्या रताळ्याच्या रंगाचा, मिशा कापसासारख्या. वेताच्या खुर्चीत बसूनही तो उभा असल्यासारखा दिसत होता. इंदिराबाई बाजूला उभ्या. कोंडाजी खाली पायरीशी, पायताणं हातात घेऊन.

सोपाननं चाकाच्या मुठी धरल्या. साहेब म्हणाला, "पोर्ट."

सोपाननं चाक डावीकडं फिरवलं. अगदी हवं तेवढं. तोंडातून मात्र शब्द निघाला नाही.

साहेबानं वाट बघितली. "पोर्ट," तो पुन्हा म्हणाला.

सोपाननं चाक आणखी डावीकडं फिरवलं. मानेवरून घाम निघाला, सदऱ्यात गेला.

"स्टारबोर्ड."

चाक उजवीकडं गेलं. व्हरांड्यात चाकाच्या करकरीशिवाय आवाज नाही. इंदिराबाई ओठ हलवून खुणावत होत्या, पण सोपान त्यांच्याकडं बघत नव्हता. तो तिरक्या नजरेनं पायरीकडं बघत होता, आणि तिथं कोंडाजी उभा होता, आणि कोंडाजीच्या हातात पायताणं होती.

साहेब इंदिराबाईंकडं वळून काहीतरी बोलला. त्यांचा चेहरा पडला.

"काय म्हनला?" कोंडाजीनं विचारलं.

"विचारतायत, मुलगा मुका आहे का?"

कोंडाजीला सगळं एकदम उमगलं. पांढऱ्या मिशांच्या माणसाला बापादेखत वेडावायची पोराची छाती होत नव्हती. आणि आता आपण फक्त गप्प उभं राहायचं होतं. गप्प राहायचं काम त्याला नवं नव्हतं; भावापुढं तो कैक वर्षं तेच करत आला होता. आणखी घटकाभर गप्प राहिलं की पोरगं घरी, नांगर चालू, चूल चालू. मागितलं ते भैरोबानं ताटात वाढून दिलं होतं.

पण मुका? ज्या घरात दोन भावांचं सगळं बोलणं एका पोराच्या जिभेवर चालतं, त्या पोराला मुका?

"अरं सोपान्या," कोंडाजी पायरीवरून ओरडला, "वेडाव की त्येला."

ओरडल्यावर त्यानं मागं वळून बघितलं, की हे कोण बोललं. मागं कण्हेरीच्या झाडाशिवाय कुणी नव्हतं.

सोपानची छाती पुढं आली. इतके दिवस घोटलेली सवय, हुकूम कानावर पडला आणि तोंडातून परत निघाला, अक्षर न सांडता, बंगल्याच्या कौलांना धक्का देत: "अरं सोपान्या, वेडाव की त्येला."

इंदिराबाईंनी पदर तोंडाला लावला. साहेबाला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. पण हुकूम गेला आणि जसाच्या तसा परत आला, एवढं त्याच्या कानानं ओळखलं. कापसाच्या मिशा वर झाल्या. "पोर्ट," तो म्हणाला.

"पोर्ट, सर."

"स्टारबोर्ड."

"स्टारबोर्ड, सर."

चाक फिरत राहिलं. कोंडाजीनं पायताणं खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसला. आपण स्वतःच्या हातानं स्वतःचा नांगर मोडला, आणि तोही तोंडानं, हे त्याच्या ध्यानात हळूहळू येत होतं.

*

स्टेशनावर दोघं भाऊ आले होते. गाडीच्या खिडकीच्या एका बाजूला अंबाजी, दुसऱ्या बाजूला कोंडाजी, मध्ये खिडकीत सोपान. बयाबाईनं तिळाची चटणी, भाकरी आणि भैरोबाचा अंगारा दिला आणि समुद्राचं पाणी पिऊ नकोस म्हणून सांगितलं. शिट्टी झाली.

"सोपाना," अंबाजी म्हणाला, "सांग तुज्या बाला, पावसात छाती जपत जा म्हनावं. खोकला सुटतोय त्येला."

सोपाननं तोंड उघडलं, तोच गाडी हलली. निरोप त्याच्या तोंडातच खंडाळ्याच्या घाटाकडं निघून गेला. कोंडाजीनं तो आपल्या कानानं ऐकला होता, भाऊ हाताच्या अंतरावर होता. पण पोहोचता झाला नाही तो निरोप ऐकला असं धरता येत नाही. दोघं भाऊ एकाच वाटेनं, एक पुढं एक मागं, घरी आले.

*

आषाढ लागला. धरण काठोकाठ, डोंगर ढगात. रोपं राबात वाढून वाढून पिवळी पडायला लागली आणि खाचराची चिखलणी झालेली नव्हती. पाखऱ्या इकडं दावणीला, मोरक्या तिकडं दावणीला.

हौशीराम आपण होऊन पुढं आला. "म्या हाय की. तुमी बोला, म्या सांगतो."

त्याच्यात एक खोड होती. निरोप त्याच्या तोंडातून जाताना रिकामा जात नसे. कोंडाजी म्हणाला, "म्हनावं, बैल लवकर आन." हौशीरामनं अंबाजीला सांगितलं, "म्हनतोय, झोपला हुता काय मेल्यावानी." अंबाजी म्हणाला, "म्हनावं, पाऊस थांबू दे." हौशीरामनं ते आणलं, त्यात कोंडाजीच्या सासुरवाडीबद्दल दोन शब्द जास्त होते. भाऊ हौशीरामचं ऐकत होते, तसे एकमेकांचंही ऐकत होते. निरोप निघताना केवढा होता आणि पोहोचताना केवढा झाला, हे दोघांना दिसत होतं. तरी दुपारी दोघांच्या हातात बैल हाकायच्या पराण्या आल्या. बयाबाईनं हौशीरामला भाकरी बांधून दिली आणि त्याच्या घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी पाऊस कोसळत होता. कोंडाजी इरलं डोक्यावर घेऊन पाखऱ्याला खाचरात घेऊन गेला आणि नुसता उभा राहिला. थोड्या वेळानं घोंगडीची खोळ पांघरून अंबाजी आला, मोरक्या घेऊन. त्याचीही रोपं पिवळी पडत होती. काही न बोलता जू ठेवलं, शिवळा घातल्या. कोंडाजीनं रुमणं धरलं. अंबाजी पुढं झाला आणि दोन्ही बैलांच्या वेसणी धरून उलटा चालायला लागला, म्हणजे आपला बैल आपल्या हातात राहिला.

मुक्यानं चाललेला नांगर कसा चालणार? कोंडाजीला वळायचं असे तेव्हा अंबाजी सरळ ओढी. अंबाजी वळवी तेव्हा फाळ अडके. चिखल मांड्यांना लागला, फोड आले, तास वाकडे गेले. शेजारच्या खाचरात रोपं लावणाऱ्या बाया वाकून वाकून बघत होत्या आणि गाणं म्हणायचं विसरल्या होत्या.

वरच्या दगडी तालीशी पोहोचले तेव्हा पाखऱ्या बुजला. त्यानं पुढं मुसंडी मारली, अंबाजी मागं सरला आणि तालीच्या दगडाला पाठ लागून अडकला. बैलाचा पुढचा खूर त्याच्या पावलावर पडला आणि चिखलात आत आत जाऊ लागला. अंबाजीचं तोंड उघडं पडलं, डोळे पांढरे झाले. पण आवाज नाही. ओरडलं तर भावाशी बोलल्यासारखं झालं असतं. बेलभंडारा उचललेला माणूस तो, पायाचा चुरा होत असताना भावाच्या तोंडाकडं नुसता बघत राहिला.

कोंडाजीच्या जिभेवर शब्द आला, "आबा". घरातलं पोरगं म्हणायचं तोच. तो दातांत अडकला. बैल आणखी रेटायला लागला.

"स्टॉप," कोंडाजी ओरडला.

अंबाजीच्या तोंडातून, दुखण्याच्याही आधी, सोपानचं ऐकून ऐकून लागलेल्या सवयीनं निघालं, "स्टॉप." आणि बैल थांबले. त्यांना तो शब्द ठाऊक होता.

"स्टारबोर्ड."

"स्टारबोर्ड," अंबाजी म्हणाला आणि उरल्या ताकदीनं वेसणी उजवीकडं ओढल्या. पाखऱ्यानं खूर उचलला. त्या जागी पाणी भरलं आणि तांबडं झालं.

शेजारच्या खाचरातल्या बाया उभ्या राहिल्या होत्या. हातातली रोपं हातात, पावसाचं पाणी कोपरांवरून गळतंय. कोंडाजीनं भैरोबाच्या देवळाकडं डोळा टाकला. पावसात देऊळ दिसत नव्हतं. म्हणजे तिकडूनही इथलं दिसत नसावं. शिवाय देव मावळातला. त्याच्या कानावर आजवर असले शब्द कुणी घातले नव्हते.

अंबाजी तालीला टेकून उभा होता. पाऊल वर उचललेलं, अंगठ्याचं नख उलटं झालेलं. कोंडाजी रुमणं सोडून दोन पावलं पुढं गेला आणि थांबला. त्याला विचारायचं होतं, लय लागलं का? त्याला म्हणायचं होतं, बस, मी हळद आणतो, राहू दे नांगर, मरू दे रोपं. एवढं सगळं विचारायचं, आणि इंदिराबाईंनी शिकवलेले शब्द चारच. त्यानं ते मनातल्या मनात एकेक करून चाचपून बघितले. डावीकडचा चालेना, उजवीकडचा चालेना, थांबायचा वापरून झाला होता.

"स्टेडी?" त्यानं विचारलं.

अंबाजीनं भावाकडं बघितलं. पाऊल सावकाश चिखलात टेकलं, ओठ आवळले, वेसणी पुन्हा मुठीत धरल्या.

"स्टेडी," तो म्हणाला.